काचेच्या उंबरठ्यावरचं रबर

ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगासाठी बनवलेल्या काही टायरांबरोबर कंपन्या एक विलक्षण सूचना देतात. तापमान उणे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं असेल, तर हे टायर लावलेली गाडी चालवू नका. जागची हलवूसुद्धा नका. रात्रभर दारात गारठलेली गाडी सकाळी नुसती दोन फूट मागे घेतली, तरी टायरच्या नक्षीला तडे जाऊ शकतात. अमेरिकेतले टायरविक्रेते तर सांगतात, की असा गारठलेला टायर आधी निदान २४ तास पाच अंशांच्या वरच्या उबेत राहू द्या आणि मगच गाडी हलवा.

'समर परफॉर्मन्स' या नावानं हे टायर विकले जातात. जर्मनी, इटली, अमेरिका इथल्या कित्येक वेगवान गाड्यांना ते कारखान्यातूनच बसवून येतात. जुलै महिन्यात, तापलेल्या डांबरावर, वळणात गाडीला धरून ठेवण्यात त्यांचा हात धरणारं दुसरं काही नाही. दीड टनाची गाडी शंभराच्या वेगानं वळते, तेव्हा तिला रस्त्यावर टिकवून धरतं ते चार तळहातांएवढं रबर. एवढा ताण सहज सोसणारी वस्तू जानेवारीत म्युनिकमध्ये किंवा मिनियापोलिसमध्ये दोन फूट सरकताना तडकते, म्हणजे मालच हलका असणार, असं कुणालाही वाटेल. पण माल उत्तमच असतो. उन्हाळ्यात हा टायर ज्या गुणामुळे रस्त्याला इतका घट्ट धरतो, नेमका तोच गुण थंडीत त्याच्या जिवावर उठतो. हे कसं घडतं ते समजून घेताना मी पुन्हा पुन्हा थक्क झालो आहे, आणि तेच इथे सांगायचं आहे.

सुरुवात घरातल्या रबरबँडपासून करू. इंग्लंडमधल्या केंडल गावचे जॉन गॉफ हे अंध निसर्ग-अभ्यासक. १८०५ मध्ये त्यांनी रबराबद्दल एक निरीक्षण मांडलं, ते आजही कुणालाही करून बघता येतं. जाडसर, रुंद रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि ताणलेलाच ओठांना टेकवा. तो कोमट लागतो. तसाच ताणून थोडा वेळ धरून ठेवा, मग सैल सोडा आणि लगेच पुन्हा टेकवा. आता तो गार लागतो. दृष्टी नसलेल्या माणसानं ओठांच्या स्पर्शानं पकडलेली ही गोष्ट रेणूंच्या पातळीवर समजावून सांगायला पुढच्या शास्त्रज्ञांना शतकाहून अधिक काळ लागला.

रबर म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबलचक रेणुसाखळ्यांचा गुंता. या साखळ्या क्षणभरही स्वस्थ नसतात. उष्णतेमुळे त्यांचे दुवे सतत वळवळत असतात. रबर ताणलं की साखळ्या सरळ होतात आणि सोडलं की ती वळवळ त्यांना पुन्हा गुंत्यात ओढून आणते. पोलादी स्प्रिंग मूळ आकारात परत येते ती अणूंमधल्या बंधांच्या ओढीनं. रबर परत येतं ते मुख्यतः उष्णतेच्या या हालचालीमुळे. म्हणजे रबराचा मऊपणा त्याला आजूबाजूच्या उबेनं दिलेला असतो, आणि म्हणूनच तो काढूनही घेता येतो.

काढून घेतला की काय होतं, ते लोणावळ्याला चिक्की होताना पाहिलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कढईतला पाक वाहता असतो. ओट्यावर ओतला की तो चिवट होतो, लाटण्याखाली पसरतो, आणि थोड्याच वेळात तोच पाक खटकन मोडतो. त्या दहा मिनिटांत त्यात काही नवीन मिसळलेलं नसतं. ऊब गेली, रेणूंची हालचाल गोठली, पाकाची काच झाली, इतकंच. रबराचीही अगदी अशीच काच होते. कुठल्या तापमानाला होईल, हे रबराच्या जातीवर ठरतं. झाडाच्या चिकापासून केलेलं नैसर्गिक रबर उणे ७० अंशांच्या आसपास काच होतं. पॉलिब्युटाडाइन नावाचं कृत्रिम रबर तर जवळजवळ उणे १०० पर्यंत दम धरतं.

इथे मनात प्रश्न यायला हवा. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंश तापमान असतं. नैसर्गिक रबराचा साधा रबरबँड त्यात रात्रभर ठेवला, तरी सकाळी तो मुकाट्यानं ताणला जातो. मग रुपया-दोन रुपयांच्या रबरबँडला जे जमतं ते हजारो रुपयांच्या टायरला उणे ७ ला का जमू नये?

याचं उत्तर पकड या गोष्टीत आहे. टायर रस्त्याला 'चिकटतो' असं आपण म्हणतो, आणि थोडाफार तो खरंच चिकटतो. पण पकडीचा मोठा हिस्सा वेगळ्याच वाटेनं येतो. डांबरी रस्ता जवळून बघा. त्यात खडीचे दाणे वर आलेले असतात आणि प्रत्येक दाण्याच्या पृष्ठभागावर आणखी बारीक खरखर असते. ब्रेक लागला की टायरचं रबर या उंचवट्यांवरून किंचित घसरत जातं. दाण्याच्या एका अंगाला ते दाबलं जातं आणि दाणा पुढे गेला की दुसऱ्या अंगाला पुन्हा भरून येतं. पण ते लगेच भरून येत नाही, जरासा उशीर करतं. त्यामुळे दाण्याच्या एका बाजूनं दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूनं कमी, अशी तफावत राहते. असे लाखो दाणे, आणि प्रत्येकापाशी एवढीशी तफावत. या सगळ्यांची बेरीज तुमची गाडी थांबवते.

पूर्ण लवचीक रबर, म्हणजे दाबलेली सगळी शक्ती क्षणात परत देणारं रबर, टायर म्हणून निकामी ठरेल. ते दाण्यावरून विनातक्रार निसटून जाईल. चांगल्या पकडीसाठी रबर मंद हवं, उशिरा सावरणारं हवं, मिळालेली शक्ती उष्णता करून उधळणारं हवं. आणि रबर सर्वात जास्त मंद केव्हा असतं? ते मऊपणाकडून काचेकडे निघालेलं असतं तेव्हा, त्या उंबरठ्यावर. तिथे साखळ्या हलू तर शकतात, पण एकमेकींना घासत, रखडत हलतात.

म्हणून वेगवान गाड्यांचे टायर घडवणारे रसायनज्ञ मुद्दाम त्या उंबरठ्याकडे जातात. टायरमध्ये बहुधा स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांच्या साखळ्यांचं कृत्रिम रबर असतं. स्टायरीनचं प्रमाण वाढवलं की काच होण्याचं तापमान वर सरकतं. त्यात राळेसारखे पदार्थ घातले की ते आणखी वर येतं. फ्रीजरमधला रबरबँड आपल्या उंबरठ्यापासून पन्नास अंश दूर असतो. समर परफॉर्मन्स टायर त्याच्या अगदी जवळ असतो, कारण त्याची सगळी पकड तिथूनच येते.

तरी अजून अर्धंच उत्तर झालं. दुसरा अर्धा भाग मला या साऱ्या विषयातला सर्वात अद्भुत वाटतो.

ब्रेकखाली रबर रस्त्यावर सेकंदाला एक मीटर वेगानं घसरतंय असं धरा, आणि खडीवरची खरखर एक दशांश मिलिमीटर अंतरानं आहे असं धरा. भागाकार केला तर रबराच्या प्रत्येक बिंदूला सेकंदात दहा हजार वेळा दाबलं आणि सोडलं जातंय. खरखर त्याहून बारीक असेल तर लाख वेळा. साखळ्यांना हलायला वेळ लागतो, आणि एवढ्या घाईत तो मिळत नाही. रबराला फार वेगानं डिवचलं, तर ते थंड केल्यासारखंच वागतं. थंडी आणि घाई या रबराच्या दृष्टीनं एकच गोष्ट आहेत. १९५५ मध्ये विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी दोन्हींची अदलाबदल किती दरानं होते याचं सूत्रच मांडलं. टायरच्या रबरात ढोबळमानानं दहापट घाई म्हणजे सात-आठ अंशांची थंडी.

हे सूत्र टायरच्या घर्षणालाही लागू पडतं, हे इंग्लंडमध्ये के. ए. ग्रॉश यांनी दाखवलं. त्यांचा १९६३ चा प्रबंध टायरच्या अभ्यासकांमध्ये आजही अभिजात मानला जातो. रबराचे तुकडे काचेवर आणि खरखरीत कागदावर त्यांनी अत्यंत संथपणे ओढले. घासण्याची उष्णता मध्ये येऊ नये म्हणून वेग सेकंदाला काही सेंटिमीटरच्या पुढे जाऊ दिला नाही. तापमान मात्र उणे ५० पासून १०० अंशांपर्यंत बदलत नेलं. प्रत्येक तापमानाला घर्षणाची वेगळी रेघ मिळाली. त्या रेघा सूत्राप्रमाणे आडव्या सरकवल्यावर सगळ्या मिळून एकच सलग वक्ररेषा तयार झाली. गोगलगाईच्या वेगानं ओढलेलं गारठलेलं रबर आणि भरधाव घसरणारं उबदार रबर त्या एकाच रेषेवर शेजारी शेजारी बसले होते.

आता हिशेब करा. सावकाश, सेकंदाला दहा वेळा दाबलं तर उणे २० अंशांना काच होणारं रबर घ्या. सेकंदाला लाख वेळा दाबलं, तर घाई दहा हजार पट वाढली, म्हणजे चार वेळा दहापट. प्रत्येकी सात-आठ अंश धरले तर उंबरठा तीस अंशांनी वर सरकतो आणि थेट अधिक १० वर येतो. नोव्हेंबरच्या सकाळी स्टुटगार्टमध्ये पारा पाच अंशांवर आहे. टायरवर अंगठा दाबून बघितला तर रबर थोडं कडक लागेल, पण ते रबरच आहे. त्याच क्षणी, त्याच टायरखालच्या खडीच्या दाण्याला मात्र ते काचेच्या वाटेवर दिसतं. ते दाण्यांच्या मधल्या खोबणीत उतरत नाही, नुसत्या टोकांवर टेकतं. आपल्या बोटाला आणि रस्त्याच्या खडीला एकच वस्तू दोन वेगळ्या अवस्थांत भेटते.

युरोपात '७ अंशांखाली हिवाळी टायर' असा सरसकट नियम सांगितला जातो, त्यामागे हे विज्ञान आहे. नियम सोयीचा आहे, पण सातवर काही कडा नाही. कोरड्या रस्त्यावर, पाच-सहा अंशांना, चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा कमी अंतरात थांबू शकतो. पकड हळूहळू ओसरत जाते आणि ती पहिल्या काही किलोमीटरांत सर्वात वाईट असते, कारण टायर अजून स्वतःच्या मंदपणातून गरम झालेला नसतो. फॉर्म्युला वन शर्यतींत टायर आधीच विजेच्या उबदार आवरणांत गुंडाळून ठेवतात, ते याच कारणानं. थंड सकाळी उन्हाळी टायर लावलेली गाडी निघाली, की काही वेळ चाकांखालून धब-धब असा ठेका येतो. रात्रभर वजनाखाली चपटी झालेली बाजू गारठ्यात तशीच राहिलेली असते आणि ऊब आल्यावरच ती गोल होते. टायरमधली हवाही आक्रसते. तापमान दहा अंशांनी उतरलं, तर दाब दीड ते दोन पीएसआयनं कमी होतो.

उणे ७ च्या खाली मात्र प्रश्न पकडीचा राहत नाही, टायर शाबूत राहण्याचा होतो. चाक फिरताना टायर जमिनीपाशी सपाट होतो आणि पुढे पुन्हा गोल होतो. गाडी दोन फूट सरकली तरी हे वाकणं घडतंच. वाकण्याचा ताण नक्षीच्या ठोकळ्यांच्या बुडाशी, खाचेच्या कोपऱ्यात गोळा होतो. ठिसूळ झालेलं रबर तिथेच चिरतं. तडे आधी केसासारखे बारीक असतात आणि खाचेच्या तळाशी असल्यामुळे वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. कधी ठोकळ्याच्या कडेचा चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडाच निघून येतो. चिरलेलं रबर ऊब मिळाली तरी सांधत नाही. टायर बदलावाच लागतो, आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही.

थंडीशी रबराचं हे भांडण जुनं आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेत रबराच्या वस्तूंची लाट आली होती. बूट, कोट, टोप्या सगळं रबराचं. उन्हाळ्यात ते वितळून चिकट झालं आणि हिवाळ्यात लाकडासारखं ताठ. कारखाने बुडाले. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये रबरात गंधक घालून तापवण्याची क्लृप्ती शोधली, तेव्हा कुठे रबर दोन्ही ऋतूंत टिकू लागलं. १८४४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, तरी १८६० मध्ये ते कर्जात बुडालेले असतानाच वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ ची; तिच्याशी त्यांचा संबंध नव्हता. गुडइयर यांनी रबराची एवढी मोठी अडचण सोडवली, आणि दीडशे वर्षांनी माणसानं जास्त पकडीच्या ओढीनं ते पुन्हा स्वखुशीनं काचेच्या उंबरठ्यावर नेऊन उभं केलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

हिवाळी टायर याच्या उलट दिशेला जातो. त्यात पॉलिब्युटाडाइन आणि नैसर्गिक रबर जास्त, तेलं जास्त, आणि सिलिका म्हणजे अतिसूक्ष्म वाळूच. फिनलंडमधल्या नोकिया गावात १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हिवाळी टायर निघाले. तिथली कंपनी आजही रबर मऊ राहावं म्हणून त्यात मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचं तेल वापरते. यात एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नैसर्गिक रबराचं झाड मूळचं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. केरळात ते फोफावलं, आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या उतारांवरही त्याच्या बागा आहेत. ज्या झाडाला दंवाचा गारठा सोसवत नाही, त्याच्याच चिकात उणे ७० पर्यंत लवचीक राहण्याची ताकद आहे.

बर्फावर आणखी वेगळा खेळ असतो. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या नागमोडी चिरा असतात. भुसभुशीत बर्फ त्या चिरांत आणि खाचांत ठासून बसतो, आणि बर्फाला सर्वात चांगला धरतो तो बर्फच. म्हणून बर्फानं माखलेला हिवाळी टायर बघून घाबरायचं नसतं; तसाच तो उत्तम काम करतो. उन्हाळी टायरच्या रुंद, गुळगुळीत खाचा पाणी फेकण्यासाठी असतात. बर्फात त्या भरून जातात आणि टायरचा सपाट रूळ होतो. गोठलेल्या पाण्याच्या पारदर्शक थरावर तर शून्य अंशाच्या आसपासचा वेळ सर्वात घातक. उणे २० चा कडक बर्फ त्या मानानं बरा, कारण वितळण्याच्या जवळ आलेल्या बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो.

किती घातक, ते शाळेतल्या गणितानंच काढता येतं. ताशी ५० किलोमीटर वेग घ्या. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर ब्रेक पूर्ण लागल्यापासून गाडी १२ मीटरमध्ये थांबते. दडपलेल्या बर्फावर गुणांक ०.२ असेल तर ४९ मीटर. गोठलेल्या पाण्यावर तो ०.१ झाला तर ९८ मीटर. यात इंजिन किती ताकदीचं आणि गाडी किती महाग, हे कुठेच येत नाही. फोर-बाय-फोरमुळे गाडी बर्फातून निघायला मदत होते. थांबायला मात्र सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर ब्रेक असतो, आणि तिथे फक्त टायर मोजला जातो.

ज्या देशांना हे दरवर्षी भोगावं लागतं, त्यांनी कायदे केले आहेत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. जर्मनीत तारीख नाही. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर हिवाळी टायर हवेतच. लोक मात्र 'ऑक्टोबर ते ईस्टर' असा सोपा हिशेब ठेवतात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही दसरा-दिवाळीच्या सुमारास गॅरेजची वेळ घ्यावी लागते. उतरवलेले उन्हाळी टायर बरीच गॅरेजं पुढच्या वसंतापर्यंत ठेवूनही घेतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असलेलाच टायर हिवाळी म्हणून चालतो. नुसतं 'एम+एस' हे अक्षरचिन्ह आता पुरत नाही.

महाराष्ट्रात आपल्याला यातलं काही लागत नाही. निफाडचा पारा एखाद्या पहाटे पाच-सहावर येतो, वेण्णा लेकच्या काठी दंव गोठतं, पण दुपारी पुन्हा ऊन असतं. आपल्या गाड्यांचे टायर मे महिन्यातल्या नागपूरच्या डांबराचा विचार करून घडवलेले असतात, आणि तेच योग्य आहे. अडचण येते ती हे टायर घेऊन आपण जानेवारीत हिमाचलात पोहोचतो तेव्हा. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये उतरणं सोपं झालं आहे. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी, सावलीतल्या वळणांवर, सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो आणि प्रत्यक्षात गोठलेला असतो. महाराष्ट्राच्या पाटीच्या गाड्या तिथे आता बऱ्याच दिसतात.

पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन हिवाळ्यात तिकडे जाणार असाल, तर निघण्यापूर्वी टायरच्या कडेवर ते डोंगराचं चिन्ह आहे का बघा. बहुधा नसेलच. मग बर्फात चाकांवर चढवायच्या, आपल्या टायरच्या मापाच्या साखळ्या बरोबर घ्या, आणि त्या बसवायची सवय घरच्या पार्किंगमध्ये, हात गरम असतानाच करून घ्या. बर्फ दिसला की वेग तिशीच्या खाली आणा, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या पाच-सहापट अंतर ठेवा, आणि उन्हं रस्त्यावर येईपर्यंत हॉटेलातून निघू नका.